नवं गीत गा, पण नवं म्हणजे कसं? उपासनेच्या गाण्यातल्या नवेपणाची गोष्ट

नागपुरात रविवारी सकाळी सदर, मोहननगर, अजनी, जरीपटका अशा कुठल्याही भागातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलात, तर गाण्यांचे दोन प्रवाह एकाच छताखाली ऐकू येतात. एक ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातला, पेटी-तबल्यावरचा किंवा ऑर्गनवरचा. दुसरा वर्शिप टीमचा: कीबोर्ड, गिटार, ड्रम, भिंतीवर प्रोजेक्टरने उमटणारे शब्द. हिंदी, इंग्रजी आणि अधूनमधून मराठी. उपासना संपून चहाचे कप हातात आले की तक्रारीही दोन असतात. ज्येष्ठ म्हणतात, ‘ही नवी गाणी सगळी एकसारखीच वाटतात.’ तरुण म्हणतात, ‘जुन्या गाण्यांत आमचं काही नाही.’ या दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. त्यामुळे चिडून बोलण्याआधी ही गाणी बनतात कशी, ती आपल्यापर्यंत येतात कुठून आणि भक्तिगीतात नवेपणा कशाला म्हणायचं, हे नीट समजून घेऊ या.

आधी कानाला जाणवणारा सारखेपणा. आजच्या बहुतेक इंग्रजी वर्शिप गाण्यांचा डोलारा चार कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या चार गटांवर, उभा असतो. सी स्केल धरली तर सी, जी, ए मायनर आणि एफ. म्हणजे सप्तकातल्या पहिल्या, पाचव्या, सहाव्या आणि चौथ्या सुरावर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड. क्रम थोडाफार बदलतो, कॉर्ड सहसा त्याच. गाण्याची बांधणीही ठरलेली: शांत अंतरा, मग कोरस, पुन्हा अंतरा, पुन्हा कोरस आणि मग ब्रिज. ब्रिजमध्ये दोन-तीन ओळी पुन्हा पुन्हा म्हटल्या जातात, प्रत्येक फेरीला ड्रम चढत जातो. मागे कीबोर्डचा एक लांबलचक सूर सतत भरलेला असतो, त्याला वादक पॅड म्हणतात.

हे सगळं केवळ आळसातून आलेलं नाही. समोर बसलेल्या माणसांनी तालीम केलेली नसते. त्यांत सत्तर वर्षांचे आजोबा असतात, नववीतला मुलगा असतो, परवाच मंडळीत आलेलं कुटुंब असतं. दुसऱ्यांदा ऐकतानाच गाणं तोंडी यावं लागतं. पुढचा सूर कुठे जाणार याचा अंदाज कानाला आला, तरच माणूस तोंड उघडतो. मैफलीतला गायक ऐकणाऱ्याला चकित करू शकतो. उपासनेत मात्र ऐकणाराच गाणारा असतो, त्याला फार चकित केलं तर तो गप्प बसतो. सोपेपणाची अट इथे कामाचाच भाग आहे, आणि ती पाळून चांगलं गीत रचणं अवघड आहे.

ही अट जिथे मोडते ती जागाही पाहून ठेवा. अनेक लोकप्रिय गाण्यांत अंतरा खालच्या सप्तकात असतो आणि शेवटच्या कोरसला किंवा ब्रिजला तीच चाल एकदम वरच्या सप्तकात उडी मारते. रेकॉर्डिंगमध्ये तरुण, कसलेला गळा असतो, त्यामुळे अंगावर काटा येतो. आपल्या मंडळीत त्याच क्षणी मागच्या बाकांवरच्या मावश्या गायच्या थांबतात. साध्या, न शिकलेल्या गळ्याला एक सप्तक आणि त्यावर दोन-तीन सूर एवढीच जागा आरामात मिळते. त्यापुढे गेलं की गाणारे प्रेक्षक होतात. यूट्यूबवर ऐकलेल्या पट्टीतच गाण्याचा हट्ट सोडून पट्टी दोन-तीन सूर खाली आणली, तर अर्धी मंडळी परत गाऊ लागते. यात कुणाचीही कला कमी होत नाही.

सारखेपणाचं दुसरं कारण संगीतात सापडत नाही, ते पुरवठ्यात आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी २०१० ते २०२० या काळात चर्चमध्ये सर्वाधिक गायल्या गेलेल्या गाण्यांच्या याद्या तपासल्या. सर्वांत वरच्या ३८ गाण्यांपैकी ३६ गाण्यांचा संबंध चारच मोठ्या चर्चशी होता: ऑस्ट्रेलियातलं हिलसाँग आणि अमेरिकेतली बेथेल, पॅशन व एलिव्हेशन. जगभरच्या लाखो मंडळ्या जे गातात, ते इतक्या थोड्या खोल्यांत लिहिलं जातं. ही गीतं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांतली कित्येक मनापासून लिहिलेली आहेत. पण एकच हवा, एकच पिढी आणि एकसारख्या मोठ्या सभागृहांत उभे राहणारे गीतकार म्हटल्यावर विषय, शब्द आणि सूर एकमेकांच्या जवळ येणारच.

याद्या तरी कुठून येतात? १९८०च्या दशकात अमेरिकेतली चर्च गाण्यांच्या झेरॉक्स बिनदिक्कत काढत असत. १९८४ मध्ये शिकागोच्या कॅथलिक आर्चडायोसीसविरुद्ध (धर्मप्रांताविरुद्ध) एका संगीत प्रकाशकाने लढवलेल्या खटल्यात ज्यूरीने प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला आणि सगळ्यांचेच धाबे दणाणले. त्यातून १९८८ मध्ये ख्रिश्चन कॉपीराइट लायसन्सिंग ही व्यवस्था उभी राहिली, ती सीसीएलआय या नावाने ओळखली जाते. चर्च वर्षाची ठरावीक फी भरतं, कोणती गाणी वापरली ते कळवतं, आणि त्या हिशेबाने गीतकारांना मानधन मिळतं. व्यवस्था न्याय्य आहे. फक्त तिच्यातूनच ‘सर्वाधिक गायली जाणारी’ गाण्यांची यादी तयार होते, आणि वर्शिप लीडर पुढच्या रविवारची गाणी त्या यादीतून निवडतात. वर असलेलं आणखी वर जातं. तेच गाणं यूट्यूबवरून मुंबईत पोचतं, तिथे हिंदीत येतं, आणि हिंदीतून मराठीत होऊन सहा-आठ महिन्यांत नागपुरात आपल्या तरुण संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतं.

मग चार कॉर्ड वापरणं म्हणजे चोरी का? याचं उत्तर देणारा एक खटला ख्रिस्ती गाण्यातूनच निघाला. फ्लेम नावाच्या ख्रिस्ती रॅपरने दावा केला की त्याच्या ‘जॉयफुल नॉइज’ या गाण्यातला मागे फिरणारा सुरांचा तुकडा पॉप गायिका केटी पेरीच्या ‘डार्क हॉर्स’ या गाण्यात उचलला आहे. २०१९ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो फिरवला आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मुद्दा असा होता की उतरत्या मायनर सुरांचा तो छोटासा तुकडा संगीताच्या मूळ सामानापैकी आहे, त्यावर कुणा एकाची मालकी सांगता येत नाही. कॉर्डचा क्रम, ताल, छंद, सप्तकातले सूर हे सगळ्यांचं सामायिक धन आहे. आपल्याकडे तर हे सांगावंही लागू नये. तुकोबांचा अभंग नामदेवांच्याच छंदात आहे म्हणून त्याला नक्कल म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता बायबलकडे वळू, कारण ‘नवं गीत गा’ ही आज्ञा तिथलीच आहे. ९६वं आणि ९८वं स्तोत्र याच हाकेने सुरू होतं. गंमत म्हणजे ९६व्या स्तोत्राचा मोठा भाग बायबलमधल्याच ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात १०५ आणि १०६ या स्तोत्रांच्या तुकड्यांबरोबर जोडलेला सापडतो. १०८वं स्तोत्र पाहा. त्याचा पहिला भाग ५७व्या स्तोत्राच्या शेवटाशी जुळतो आणि दुसरा ६०व्या स्तोत्राच्या शेवटाशी. दोन जुन्या प्रार्थना जोडून तिसरी केली आहे, आणि जोडल्यावर तिचा भाव बदलला आहे. ५७व्याची सुरुवात संकटातल्या आक्रोशाने होते. १०८व्यात तो आक्रोश गाळला आहे, त्यामुळे गीत थेट स्तुतीत उघडतं. लूकच्या शुभवर्तमानातलं मरीयेचं गीत ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकातल्या हन्नेच्या गीताच्या वळणावर चालतं. बलवानांचा पाडाव, भुकेल्यांना अन्न, दीनांना उंच आसन, या सगळ्या प्रतिमा हन्नेकडून आलेल्या. तरी मरीयेचं गीत तिचंच आहे, कारण ते त्या मुलीच्या पोटातल्या बाळाबद्दल आहे. आणि २२व्या स्तोत्राच्या डोक्यावर ‘पहाटेची हरिणी’ असे शब्द आहेत. ते तेव्हाच्या माहितीतल्या एखाद्या चालीचं नाव असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या भजनांच्या पुस्तकांत गीतावर ‘चाल’ अमुक असं छापलेलं असतं, तसंच काहीसं.

पुढच्या ख्रिस्ती गाण्याचा इतिहासही असाच. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या दिवसांत जगभर गायली जाणारी, जर्मन संगीतकार बाखने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये वापरलेली ती गंभीर चाल मुळात हान्स लिओ हासलर यांनी १६०१ मध्ये छापलेल्या एका प्रेमगीताची आहे. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन यांनी १७७९ मध्ये छापले. आज आपण ज्या चालीत ते गातो ती त्या शब्दांना १८३५ मध्ये जोडली गेली, म्हणजे न्यूटन यांच्या मृत्यूनंतर जवळपास तीस वर्षांनी. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, जोड तिसऱ्याची. कोऱ्या पाटीवर काही आलं नाही.

उसनं घेणं हा दोष नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावं. घेतलेल्या वस्तूचं आपण पुढे काय करतो, तिथे खरी कसोटी लागते. आणि या बाबतीत मराठी ख्रिस्ती परंपरा इतकी श्रीमंत आहे की तिचा विसर पडलेला पाहून वाईट वाटतं.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सगळं ओवीत. त्याला लॅटिन छंद येत होते, पण ज्यांनी ऐकायचं त्यांच्या कानात ओवी होती. नारायण वामन टिळकांचं तर नागपूरशीच नातं. बाप्तिस्म्यापूर्वी ते इथे बुटी या श्रीमंत घराण्याच्या आश्रयाला राहून साहित्याचं काम करत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी मंडळीत गायली जाणारी बरीच गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हे साचे घेतले आणि ख्रिस्ताची गोष्ट त्यांत सांगितली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती गीतं आपल्या आज्यांना पुस्तक न उघडता म्हणता येतात.

असं का होतं, हे तंत्राच्या पातळीवर पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. इंग्रजी गाण्याची चाल इंग्रजी शब्दांच्या आघातांवर बेतलेली असते. आघात जिथे, तिथे लांब किंवा जोरकस सूर. मराठीत कान ऱ्हस्व-दीर्घाकडे असतो. इंग्रजी चालीत पहिल्या अक्षराला लांब सूर असला आणि तिथे ‘कृपा’ बसवलं, की ‘कृ’ ताणला जातो आणि ‘पा’ तुटतो. जिथे दोन सुरांची जागा आहे तिथे ‘पवित्र’ची तीन अक्षरं कोंबावी लागतात. शिवाय आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं: ‘तुझ्या’, ‘साठी’, ‘मुळे’. इंग्रजीत एका सुरात होणारं काम मराठीत चार अक्षरं मागतं. भाषांतर करणारा बिचारा मग अक्षरं मोजत बसतो आणि अर्थ पातळ होत जातो. शेवटी ‘तू महान, तू महान’ एवढंच उरतं.

याउलट अभंगाचा साचा मराठी बोलण्यातूनच घडलेला आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. १३व्या स्तोत्राची सुरुवात घ्या, जिथे स्तोत्रकर्ता देवाला विचारतो की किती काळ तू मला विसरून राहणार. तो भाव मी या साच्यात असा बसवून पाहिला:

किती दिवस मी । वाट तुझी पाहू ।
कुणापाशी जाऊ । मायबापा ॥

थोर कविता म्हणून ही ओळ इथे दिलेली नाही. मोठ्याने म्हणून पाहा. एकही अक्षर ओढावं लागत नाही, आणि शेवटच्या चार अक्षरांवर श्वास आपोआप मोकळा सुटतो. हा साचा शेकडो वर्षांचा, भाव त्याहून हजारो वर्षं जुना. पण ज्या दिवशी एखादी बाई मेडिकलच्या वॉर्डाबाहेर बसून हे म्हणेल, त्या दिवशी ते तिचं नवं गीत असेल.

इथे एक सावधगिरी हवी. ढोलकी किंवा खंजिरी वाजवली म्हणून गाणं आपलं होत नाही. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर जे उभं केलं, त्याची ताकद खंजिरीत जितकी होती तितकीच गावकऱ्याला कळणाऱ्या थेट शब्दांत होती. परदेशी गाण्याचं भाषांतर तसंच ठेवून खाली ढोलकी टाकली, तर ती केवळ सजावट होते. आणि गिटारवर, त्याच चार कॉर्डवर, अस्सल वऱ्हाडी-नागपुरी जीव असलेलं गीत होऊ शकतं. वाद्य हा दुय्यम प्रश्न आहे. नागपुरात तर वारसाच मिसळलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि प्रत्येक परंपरा आपापली गाण्याची सवय घेऊन आली. कॅथलिकांकडेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला वाट करून दिली. शुद्ध देशी किंवा शुद्ध पाश्चात्त्य असं आपल्याकडे काही उरलेलं नाही, आणि त्याची खंत करण्याचं कारणही नाही.

मला सर्वांत जास्त जाणवणारी उणीव सुरांची नाही, विषयांची आहे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या वर्शिपच्या यादीत मात्र विलाप जवळजवळ नाहीच. विजय, आनंद, समर्पण, पुन्हा विजय. ज्या प्रदेशात कर्जापायी कापूस पिकवणारा शेतकरी गळफास घेतो, ज्या शहरातली पोरं नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला जातात आणि घरात म्हातारी दोघंच उरतात, तिथली मंडळी रविवारी हे देवासमोर मांडणार कोणत्या गीतात? कॅलिफोर्नियातला गीतकार ते लिहू शकणार नाही. त्याने लिहावं अशी अपेक्षाही नाही. नवतपातल्या भाजणाऱ्या दुपारी रिकामं मडकं पाहणाऱ्यालाच जिवंत पाण्याची तहान आपल्या शब्दांत सांगता येईल. इथे जे नवं निघेल ते चार कॉर्डवर निघालं तरी नवंच असेल.

सुरुवात कशी करायची, हे तरुण संघातली मुलं नेहमी विचारतात. माझं सांगणं असं की आधी चाल शोधू नका. एक लहान स्तोत्र घ्या, १३वं घ्या, सहाच वचनं आहेत. चार-पाच जणांनी ते वाचून आपापल्या घरातल्या भाषेत पुन्हा सांगा, पुस्तकी नको. ज्या वाक्यावर सगळे थबकतील ते लिहून ठेवा, तेच बहुधा ध्रुपद होतं. मग अक्षरं मोजा, छंद पाहा. चाल सुचली की वाद्यं बाजूला ठेवून, नुसत्या टाळ्यांवर, गाता न येणाऱ्या दोघांना शिकवा. दहा मिनिटांत त्यांच्या तोंडी आलं नाही, तर अडचण बहुतेक चालीत असते. आणि पाळकांना शब्द दाखवा, कारण मंडळी जे गाते तेच ती पुढे मानू लागते, प्रवचन विसरलं तरी.

शेवटी कायद्याचं, कारण तिथे गोंधळ फार आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गाणं किंवा वाजवणं हा भंग ठरत नाही. म्हणजे रविवारच्या उपासनेत कुणाचंही गीत गायला हरकत नाही. तेच गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, आणि तिला परवानगी लागते. भाषांतर करण्याचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच असतो. त्यामुळे इंग्रजी गाणं मराठीत आणून आपल्या चॅनलवर चढवण्याआधी प्रकाशकाला विचारायला हवं, आणि पुष्कळ प्रकाशकांकडे त्यासाठी ठरलेली पद्धत असते. गीत आणि संगीतावरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. टिळक १९१९ मध्ये वारले, म्हणजे त्यांचे शब्द आता सर्वांचे आहेत. त्यांच्या गीताला तुम्ही नवी चाल लावलीत तर चाल तुमची, शब्द त्यांचेच. अमेरिकन वर्शिप गायक क्रिस टॉमलिन यांनी २००६ मध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ला नवं कोरस जोडलं तेव्हाही असंच झालं: जुने शब्द मोकळे, जोडलेला भाग हक्काचा. जुन्या गीताचं तुम्हाला आवडलेलं रेकॉर्डिंग मात्र कुणाचं तरी असू शकतं, ते तपासूनच वापरा.

आणि गीत तयार झालं की त्याखाली शब्द कोणाचे, चाल कोणाची, कुठल्या वचनावर आधारलेलं आहे, कुठल्या गावात आणि कुठल्या वर्षी झालं, हे प्रोजेक्टरच्या स्लाइडवर आणि छापील कागदावर दोन्हीकडे लिहा. जुन्या मंडळ्यांच्या कपाटांत अशा कितीतरी हस्तलिखित वह्या आहेत, ज्यांत सुंदर गीतं आहेत आणि नाव एकाचंही नाही.